तुला कुणी सांगितलं?

एमबीएच्या प्रवेशासाठी जीमॅट नावाची परीक्षा असते. तिच्या व्हर्बल, म्हणजे वाचन आणि तर्काच्या, विभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला धड दोन मिनिटंही नाहीत. त्यातले काही असे: ‘खालीलपैकी कोणता पर्याय, खरा मानल्यास, वरील युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत करतो?’ म्हटलं, हे तर आपलं घरचंच काम! सांगलीचा माणूस दुसऱ्याचं म्हणणं खोडून काढायला पर्यायांची वाट बघत नाही.

मग नियम वाचले. समोरच्यानं दिलेली माहिती मुकाट्यानं खरी धरायची. ‘तुला कुणी सांगितलं?’ विचारायचं नाही. ‘आधी स्वतःचं बघ’ म्हणायचं नाही. म्हणजे आमची दोन्ही हत्यारं दारातच काढून घेतली. माहिती आणि निष्कर्ष यांच्या मधे तो गडी न बोलता काय गृहीत धरून बसलाय, ते हुडकायचं आणि तिथंच बोट घालायचं. बरं, निष्कर्ष साफ आडवा करायलाही नको, नुसता डळमळला तरी मार्क. अर्ध्यावरच सोडायचं तर मुळात भांडायचं कशाला?

पाच पर्यायांतला एक भलत्याच गावाला जातो, एक उलट समोरच्यालाच बळ देतो, एक नुसताच मोठ्यानं बोलतो. राहतात दोन. दोन्ही अगदी बरोबर वाटतात आणि तिथंच घड्याळ संपतं.

सराव म्हणून आप्पांना गाठलं. आप्पांचा युक्तिवाद तयारच होता. “समोरचा पोरगा पहाटे आमराईत फिरायला लागला आणि बघ, नोकरी लागली. तूही ऊठ.”

मी गृहीतक पकडलं. “आप्पा, नोकरी आधी लागली असेल तर? कंपनीची बस सहाला येते म्हणून उठत असेल.”

“म्हणजे तू उठणार नाहीस, एवढंच ना?”

तेवढ्यात आतून आई, “गॅसचा नंबर लावलास का?” पुस्तकाच्या हिशेबानं हा पर्याय विषयाबाहेरचा. पण युक्तिवाद तिथंच संपला, माझा.

पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर गेलो. पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, आणि ते बघायला निम्मी सांगली कठड्याला. एकजण सांगत होता, “कर्नाटकानं खाली अलमट्टी धरणात पाणी अडवलं की आपल्याकडं पूर. २०१९ ला बघितलं नव्हं?” आयताच प्रश्न! मी म्हणालो, “पण त्याच दिवसांत कोयना-वारणेच्या खोऱ्यातही मुसळधार पाऊस होता, मग?” अलमट्टी निर्दोष आहे असं मी म्हटलंच नव्हतं. फक्त दुसरं कारण पुढं केलं, अगदी पुस्तकात सांगितल्यासारखं.

“तू कर्नाटकचा हाईस काय रं?”

यावर पुस्तकात काहीच दिलेलं नाही. मी पाण्याकडं बघायला लागलो. शेजारी छत्री टेकून एक आजोबा उभे होते. ते शांतपणे म्हणाले, “बाळा, पाऊस काय त्याच साली पडला व्हय? वर असा पाऊस कितींदा झाला, पाणी एवढं चढलं नाही.”

झालं! त्यांची माहिती खरी धरणं मला नियमानं भाग होतं, आणि ती धरली की माझं दुसरं कारण गेलं वाहून. याला ‘युक्तिवाद बळकट करा’ म्हणतात. तो धडा पुढचा आहे, मी अजून उघडलेला नाही.