गव्हर्नर काढल्याने गाडी मोकळी होत नाही

इंदूरजवळ देवास नाका, लोहा मंडी, मांगलिया, जिथे ट्रक उभे राहतात तिथे सध्या ड्रायव्हर मंडळींच्या मोबाईलवर एक निरोप फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘गव्हर्नरने गाडीचा जीव घेतला. घाटात ओढत नाही, डिझेल जास्त खाते, इंजिन तापते, उतारावर ब्रेक जातात, ओव्हरटेकमध्ये माणसे मरतात. परदेशात असले काही नाही. एक वायर काढा, गाडी मोकळी करा, मुंबईच्या फेरीत चार तास वाचवा.’ यातली ओव्हरटेकची तक्रार बऱ्याच अंशी खरी आहे. बाकीचे वाचून कोणी खरोखर वायर काढली तर नुकसान त्याचेच आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. ‘गव्हर्नर’ या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिला गव्हर्नर जुन्या डिझेल पंपाच्या पोटात असतो. तो इंजिनाचे फेरे सांभाळतो: रेस (ॲक्सिलरेटर) सोडली तर इंजिन बंद पडू देत नाही, पूर्ण दाबली तर ठरलेल्या आरपीएमच्या वर जाऊ देत नाही. दुसरा म्हणजे वेगमर्यादक. तो गाडीचा रस्त्यावरचा वेग बघतो. १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार होणाऱ्या ट्रकला तो कारखान्यातूनच लागतो, ८० किमीवर बांधलेला. टँकर, डंपर आणि स्कूलबसला ६०. जुन्या गाड्यांना तो बाहेरून बसवतात: गिअरबॉक्सवरच्या सेन्सरकडून वेगाचा सिग्नल, एक छोटा डबा, आणि डिझेलच्या नळीवर व्हॉल्व्ह किंवा रेसच्या लिंकेजवर मोटर. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे डिझेल इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरने सुटते तिथे, वेगळा डबा नसतोच. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, वेग ८० जवळ आल्यावर इंजेक्टरमधून सुटणारे डिझेल हळूहळू कमी करतो.

‘घाटात ओढत नाही.’ भरलेली दहाचाकी घाट चढते तेव्हा वेग असतो २० ते ३०. वेगमर्यादक जागा होतो ८० जवळ. मग २५ च्या वेगात तो ताकद कशी खाईल? चढावर गाडी मरत असेल तर कारण दुसरीकडे आहे. आधी एअर फिल्टरचा इंडिकेटर बघा. लाल झाला असेल तर इंजिनाला हवाच पुरत नाही. मग डिझेल फिल्टर आणि वॉटर सेपरेटर. मग टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारे होज. क्लॅम्प ढिला झाला किंवा होजला चीर पडली की चढावर सुईसुई आवाज येतो, काळा धूर निघतो आणि गाडी बसते. एक एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत युरियाची टाकी संपत आली, युरिया पाणी घातलेला निघाला किंवा सायलेन्सरच्या फिल्टरमधली काजळी जळून साफ झाली नाही, तर ईसीएम स्वतःहून ताकद कमी करतो. डॅशबोर्डवर दिवा लागलेला असतो, पण बोल गव्हर्नरला लागतात.

बाहेरून बसवलेल्या जुन्या मर्यादकाबाबत मात्र ड्रायव्हरची तक्रार झटकून टाकू नये. डिझेलच्या नळीवरचा व्हॉल्व्ह कचऱ्याने अर्धा अडकला तर तो कुठल्याही वेगाला डिझेल अडवतो, आणि मग गाडी घाटातही मरते. ओळखायची खूण सोपी आहे: मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्येही गाडी पूर्ण आरपीएम घेत नसेल तर फिल्टरबरोबर तो व्हॉल्व्ह तपासायचा. त्यावर उपाय म्हणजे व्हॉल्व्ह साफ करणे किंवा बदलणे.

याच मुद्द्यातून सर्वांत मोठे नुकसान होते. ‘गव्हर्नर खोल’ असे सांगितले की जुन्या गाडीचा पंपवाला पंपाचे शिशाचे सील तोडतो आणि फुल लोडचा स्क्रू, म्हणजे जास्तीत जास्त डिझेल किती जाईल ते ठरवणारा, फिरवतो. म्हणजे काढायला सांगितला वेगमर्यादक आणि वाढवले पंपाचे डिझेल. गाडी दोन महिने पळते. जास्तीचे डिझेल पूर्ण जळत नाही, काळा धूर येतो, एक्झॉस्टची उष्णता वाढते, पिस्टनचे डोके आणि टर्बो भाजतात, सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन निघते. ‘इंजिन तापते’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हे वाढवलेले पंप असतात. मर्यादक डिझेल कमी करतो. कमी डिझेल जाळून इंजिन जास्त तापत नाही.

‘डिझेल जास्त खाते.’ हिशेब करून बघू. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ८० वरून ९० वर गेलात की हवा सव्वापटीहून थोडी जास्त अडवते. टायरचा अडथळा मात्र जवळपास तेवढाच राहतो. २८.५ टनांच्या भरलेल्या दहाचाकीला दोन्ही मिळून सुमारे १२ टक्के जास्त जोर लावावा लागतो, १०० वर साधारण २५ टक्के. हा जोर डिझेलमधूनच येतो. ताडपत्री फडफडत असेल किंवा माल केबिनच्या वर उभा असेल तर आणखी. मग मर्यादक असूनही ॲव्हरेज पडते, असे काही जण का सांगतात? कारण ते पाय रेसवर पूर्ण दाबून ठेवतात आणि गाडी सतत मर्यादेला टेकलेली असते. छोटा चढ आला की ईसीएम पूर्ण डिझेल सोडतो, उतार आला की तोडतो, पुन्हा सोडतो. तीच गाडी टॉप गिअरमध्ये ७२ ते ७५ वर, आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवून चालवली की फरक पुढच्याच टाकीत दिसतो.

आता उतार. एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्ता) राऊच्या पुढे जो जुना गणपती घाट आहे, किंवा सेंधव्याच्या पुढचा बिजासन घाट, तिथे ब्रेक गेलेल्या गाड्यांच्या बातम्या माळव्यात कोणाला सांगाव्या लागत नाहीत. निरोप म्हणतो की दोष गव्हर्नरचा. वेगमर्यादक फक्त डिझेल तोडतो, ब्रेक लावत नाही. उतारावर भरलेली गाडी स्वतःच्या वजनाने धावते. डिझेल शून्य असले तरी ती ८० ओलांडेल. म्हणून ‘गव्हर्नर आहे, गाडी ८० च्या वर जाणारच नाही’ हा समजही तितकाच घातक आहे. पंपातला गव्हर्नरही तिथे इंजिन वाचवत नाही. उतारावर जास्त वेगात खालचा गिअर टाकला तर चाके इंजिनाला फिरवतात आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

ब्रेक जातात ते न्यूट्रलमुळे. डिझेल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रल करायची, ही सवय जुनी आणि हिशेबाने चुकीची. गिअरमध्ये पाय उचललेला असताना इंजेक्टर बंदच असतात. न्यूट्रलमध्ये उलट आयडलपुरते डिझेल जळते. त्यातच इंजिनाचा रोध गेला, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) निरुपयोगी झाला, आणि ब्रेकची हवा भरणारा कंप्रेसर आयडलवर फिरत असल्याने हवा हळू भरते. मग सगळा भार लायनरवर. ड्रम तापून फुगतो, लायनर गुळगुळीत होतो, पॅडल खाली जाते तरी गाडी धरत नाही. जो गिअर हा घाट चढायला लागला असता, तोच किंवा एक खालचा गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. एक्झॉस्ट ब्रेक चालू, आरपीएम लाल पट्ट्याच्या खाली. ब्रेक सतत चेपून धरायचा नाही: वेग ठरवलेल्या आकड्यावर पोचला की एकदा ठाम लावून पाच-सात किमी कमी करायचा आणि पूर्ण सोडायचा. हवेचा काटा पडताना दिसला, दिवा लागला किंवा बझर वाजला तर लगेच कडेला.

‘ओव्हरटेकमध्ये माणसे मरतात.’ इथे ड्रायव्हरचे म्हणणे ऐकायला हवे. पुढचा ट्रक ७६ ने चालला आहे, तुमचा ८० वर बांधलेला. दोन्ही गाड्यांची लांबी दहा-दहा मीटर आणि पुढे-मागे वीस-वीस मीटर मोकळे अंतर धरले तर ६० मीटर कापायचे, आणि फरक फक्त ताशी ४ किमीचा. सुमारे ५४ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तुम्ही १२०० मीटर पुढे जाता. तुमचाच ट्रक ९० ने गेला तर १५-१६ सेकंद आणि चारशे मीटरच्या आत. मागे कारवाले हॉर्न वाजवत असतात. ही अडचण खरी आहे. पण ती चौपदरी रस्त्यावरची आहे, जिथे समोरून गाडी येत नाही. तिचा उपाय डाव्या लेनमधल्याच्या पायात आहे: त्याने दहा सेकंद रेस सोडून पाच किमी कमी केले की दोघेही सुटतात. आणि नसेल सोडत, तर मागेच राहावे. माणसे मरतात ती बहुधा दुपदरी रस्त्यावर, समोरासमोर. तिथे केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मालवाहू गाडीची मर्यादाच ६० आहे. ८० चा मर्यादक तिथे आडवा येतच नाही.

थांबायच्या अंतराबद्दल निरोप गप्प आहे. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक, ड्रायव्हरला दीड सेकंद प्रतिक्रिया, असे धरले तर ८० ची गाडी साधारण ८० ते ८५ मीटरमध्ये थांबते. ९५ ची गाडी त्याच जागी अजून ५८ च्या आसपास असते.

‘परदेशात नाही.’ आहे. युरोपात जड ट्रक ९० वर बांधलेले असतात, जपानमध्ये २००३ पासून मोठ्या ट्रकना ९० चा मर्यादक आहे, कॅनडाच्या ऑन्टारिओत २००९ पासून १०५. अमेरिकेत देशभराचा कायदा नाही. तिथल्या ड्रायव्हरांचा मुख्य आक्षेप असा की कार ११०-१२० ने जाताना ट्रक हळू चालला तर वेगातला फरक धोका वाढवतो. आपल्या रस्त्यावर हा आक्षेप उचलून आणताना एक विसरतो: इथे डाव्या बाजूला २५ ने चाललेली ट्रॅक्टर-ट्रॉली आणि तिघे बसलेली मोटारसायकल असते. ट्रक जितका वेगात, तितका त्यांच्याशी फरक जास्त.

‘चार तास वाचतात.’ इंदूर ते मुंबई साधारण ६०० किमी. घाट, टोल, गावे, जाम सोडून ३०० किमी सलग ८० मिळाले असे उदार मनाने धरा. ते ९० ने कापले तर २५ मिनिटे वाचतात. चार तास जातात ते माल भरायला लागलेल्या रांगेत आणि मुंबईच्या नो-एंट्रीत. उशिरा पोचल्यावर भाडे कापणारा व्यापारी आणि ते मुकाट मान्य करून ड्रायव्हरच्या भत्त्यातून वसूल करणारा मालक यांच्याशी बोलणे जास्त गरजेचे आहे. सरासरी चाळीस धरून वेळ ठरवली तर वायर काढायची वेळ कोणावर येणार नाही.

राहिली वायर. वेगाचा सेन्सर काढला की कॉमन रेल गाडीत स्पीडोमीटर शून्यावर, किलोमीटर मोजणे बंद, सर्व्हिसचा हिशेब बिघडतो, चेक लाइट लागतो आणि बऱ्याच गाड्यांत ताकद आणखी घटते. काही जण सिग्नल अर्धा करणारा तुकडा बसवतात. मग काटा ५० दाखवतो आणि गाडी १०० वर असते, आणि हे खुद्द ड्रायव्हरला कळत नाही. पासिंगला (आरटीओच्या फिटनेस तपासणीत) गाडी अडकते. मालकाने असा फेरफार केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला पाच हजार दंड आहे. अपघातानंतर विमा कंपनीला हेच हवे असते.

मर्यादक खरोखर कमी वेगावर तोडतो अशी शंका असेल तर वायरला हात न लावता तपासा. बायपासवर मोकळा सपाट पट्टा घ्या, गाडी मर्यादेला टेकू द्या, आणि एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंतची वेळ क्लीनरला मोबाईलवर मोजायला सांगा. दोन-तीनदा. ४५ सेकंद म्हणजे बरोबर ८०. ४६ आले तर टायर झिजल्याचा फरक असू शकतो; नव्या आणि गुळगुळीत टायरच्या व्यासात तीन सेंटीमीटरपर्यंत अंतर पडते, म्हणजे ८० वर दोनेक किमी. ५१ सेकंद लागले तर गाडी ७० वर बांधली गेली आहे. तेव्हा ज्याने बसवला त्याच्याकडे, कारखान्याचा असेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये, टायरचा साइज लिहून न्या आणि पल्स, म्हणजे सेन्सरच्या सिग्नलवरून वेग काढायचा हिशेब, पुन्हा बसवून सील करून घ्या.