कोंबडी अंड्यांवर, आम्ही गॅसवर

कोंबडी खुडूक झाल्याचं, म्हणजे अंडी घालायचं सोडून उबवायला बसल्याचं, सगळ्यात आधी कळतं ते अंडी काढायला गेलेल्या हाताला. कालपर्यंत जी बाई अंडं घालून अख्ख्या गल्लीला ओरडून सांगायची आणि मग खुशाल उकिरडा उकरायला जायची, ती आज खुराड्याच्या कोपऱ्यात भाकरीसारखी पसरून बसलेली असते. हात पुढं केला की पिसं फुलतात, शेपटीचा पंखा होतो, गारठ्यात न चालू होणाऱ्या मोटारसायकलसारखा कुर्र आवाज येतो आणि मग टोच बसते. साधी टोच नाही. कातडं चिमटीत धरून पिरगाळते.

शेजारच्या आक्का परड्याच्या भिंतीवरून बघूनच निकाल देतात. "खुडूक झालीया ती. अंडी घाल खाली, न्हाईतर नाकात पीस घाल."

नाकात पीस हा खुडूक मोडायचा जुना उपाय. दुसरा जुना उपाय म्हणजे तिला पाण्यात बुचकळून काढणं. दोन्हींत कोंबडीचे हाल होतात आणि तिच्या मनात आपल्याविषयी जे काही थोडंफार बरं असतं तेही जातं. खुडूक मोडायचीच असेल तर जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, खाली गवत न घालता, तीन-चार दिवस दाणापाणी देऊन ठेवावं. पोटाला खालून वारा लागला की डोकं थंड होतं. पण पिल्लं हवी असतील तर पुढचे एकवीस दिवस आपण तिच्या नोकरीत, हे आधीच मान्य करून टाकावं.

हा आजार नाही आणि हट्टही नाही. बारा-पंधरा अंडी घालून झाली की देशी कोंबडीच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. बाळंतिणीला दूध आणतं तेच हे. कोंबडीला दूध नाही, त्यामुळं सगळी माया बुडाखाली जाते. अंडी बंद होतात, तुरा फिका पडतो, छातीची पिसं गळून पोटाची कातडी उघडी पडते, म्हणजे अंगाची ऊब थेट अंड्याला लागते. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणाऱ्या पोल्ट्रीच्या कोंबडीतून हा गुण माणसानं निवड करकरून घालवलाय. गिरिराज, वनराजा या सुधारित जातीही बसायच्या भानगडीत फारशा पडत नाहीत. आई व्हायचं काम देशी कोंबडीनंच करावं.

तरी लगेच अंडी देऊ नयेत. काहींची खुडूक म्हणजे नुसता रुसवा असतो, दुसऱ्या दिवशी उतरतो. नदीतले अंड्याएवढे दोन-तीन गुळगुळीत गोटे खाली सारावेत आणि तीन रात्री बघावं. तिसऱ्या रात्रीही बाई गोटे उबवत बसल्या असतील तर निष्ठा पक्की. दगडावर इतका जीव लावणारं घरात दुसरं कोणी नाही.

आता बुट्टी. वेताची किंवा बांबूची, तोंडाला सव्वा फूट, अर्धा फूट खोल. तळाला दोन-तीन बोटं माती घालून ती परातीसारखी, मध्ये किंचित खोलगट दाबायची. फार खोल केली तर अंडी एकमेकांवर चढून फुटतात. सपाट ठेवली तर कडेला घरंगळून गार पडतात. मातीवर भाताचं पिंजर. आपल्याकडं उसाचा पाला फुकट मिळतो म्हणून तोच कोंबायचा मोह होतो, पण त्याच्या कडा कापतात. पिंजरसुद्धा कोरडंच हवं. बुरशी आलेलं असेल तर ती बुरशी पिल्लाच्या पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसात जाते. वरून मूठभर चाळलेली राख आणि कडुलिंबाचा पाला, कारण उवा-पिसवा. रात्री चावा सुरू झाला की कितीही मायाळू कोंबडी असो, अंडी सोडून उठते, आणि सकाळी आपण तिच्या मातृत्वाला नावं ठेवत बसतो.

बुट्टी कुठं ठेवायची? जिन्याखाली, माळ्याच्या कोपऱ्यात, अंधारात. पत्र्याखाली नको. कोंबडीचं अंग साधारण 41 अंश सेल्सियस असतं आणि अंड्याला साडेसदतीसच्या आसपास हवं असतं. अंडं अर्धा तास गार पडलेलं निभावतं, पण तापलेलं निभावत नाही. चैत्रात पत्र्याखाली ठेवलेली अंडी उबवली जात नाहीत, उकडली जातात.

अंडी कोणती हा तर स्वतंत्र तमाशा. दुकानातली पांढरीशुभ्र अंडी आणून कोंबडीखाली ठेवणारे महाभाग दरसाल नव्यानं जन्मतात. त्या अंड्यांच्या आयुष्यात कोंबडा आलेलाच नसतो. एकवीस काय, एकवीसशे दिवस बसवा. आठ-दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा हवा. अंडी सात दिवसांच्या आतली, कडक उन्हाळ्यात चार. टोक खाली करून, गार जागेत, पण फ्रीजबाहेर ठेवलेली. धुवायची नाहीत, कारण कवचावर निसर्गानं दिलेला पातळ लेप असतो. तो पुसला की कवचाची छिद्रं जंतूंना मोकळी. फार मोठं, फार बारकं, वाकडं, खरबरीत अंडं आम्लेटला द्यावं.

आणि किती? दहा ते बारा, थंडीत नऊ. नेम असा की कोंबडी बसल्यावर एकही अंडं बाहेर दिसता कामा नये. इथं माणसाची हाव आडवी येते. "एक जास्त ठेवलं तर काय बिघडलं?" बिघडतं ते असं: कोंबडी दिवसभर अंडी हलवते, कडेचं आत ओढते, आतलं कडेला ढकलते. म्हणजे तेरावं अंडं एकटं गारठत नाही, पाळीपाळीनं सगळ्यांना गारठवतं. तेराची हाव धरणाऱ्याकडं सात पिल्लं निघतात.

प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीनं फुली मारावी. याचं कारण इतर कोंबड्या. बाईसाहेब जेवायला उठल्या की कोणीतरी आत शिरते, आपलं एक अंडं टाकते आणि साळसूदपणे निघून जाते. बिनफुलीचं अंडं रोज उचलावं, नाहीतर एकाच बुट्टीत एकवीस दिवसांची आणि चार दिवसांची अंडी नांदतात. पहिली पिल्लं फुटली की आई चालती होते आणि मागची अंड्यातच राहतात.

बसवायचं रात्री, अंधारात. रविवारी रात्री बसवली तर तिसऱ्या रविवारी पिल्लं. बसवल्याचा दिवस मोजायचा नाही, सोमवार हा पहिला. हिशेब सोपा आहे, तरी घरातली चार माणसं चार तारखा सांगतात. शिवाय रविवार हा कोल्हापुरात मटणाचा वार असल्यानं सगळे घरातच असतात, आणि बुट्टीभोवती जत्रा भरते.

तिथून खरी परीक्षा सुरू होते. अवघड काम एकच: काहीही न करणं. ऊब ती देते, अंडी ती फिरवते, आर्द्रता ती सांभाळते. आपला हात मात्र शिवशिवतो. दर दोन तासांनी "जरा बघून येतो" म्हणून उठायचं, बघायचं काय तर कोंबडी बसलेली आहे. ती कालही बसलेलीच होती.

आपलं काम दिवसातून एकदा. सकाळी बुट्टीपासून दोन-तीन हातांवर मका, ज्वारी नाहीतर गहू आणि पाणी ठेवायचं. भिजवलेला कोंडा देऊ नये. जुलाब झाले तर अंड्यांवरच होतात. ती पंधरा-वीस मिनिटांसाठी उठते. खाते, पिते, धुळीत लोळते आणि दिवसभर धरून ठेवलेलं एकदाच टाकते. त्याचा आकार आणि वास यांविषयी सभ्य मराठीत लिहिता येत नाही. घाबरून डॉक्टरकडं धावू नये, खुडूक कोंबडीचं ते तसंच असतं. काही फारच कर्तव्यदक्ष बायका उठतच नाहीत, वाळून चिपाड होतात. त्यांना उचलावं लागतं, पण आधी पंखांखाली बोटं घालून बघावं. बगलेत अंडं अडकलेलं असतं आणि उचलताना ते बरोबर बाकीच्या दहांवर पडतं. फुटलंच तर चिकट पिंजर लगेच बदलून बाकीची अंडी कोमट ओल्या फडक्यानं हलक्या हातानं टिपावीत. बलक वाळला की छिद्रं बुजतात.

सातव्या रात्री मात्र बघायची अधिकृत परवानगी आहे. दिवे घालवायचे, मोबाइलच्या टॉर्चवर मूठ वळून त्या भोकावर अंड्याचं रुंद बूड टेकवायचं. आत लाल शिरांचं कोळिष्टक आणि मध्ये हलणारा काळा ठिपका दिसला की जीव आहे. नुसतं पिवळं, सफा दिसलं तर कोंबड्यानं कामचुकारपणा केलाय. शिरा नसून फक्त लाल कडी दिसली तर जीव धरून गेलेला. चौदाव्या रात्री परत. तेव्हा अंडं जवळजवळ काळं दिसतं, फक्त बुडाशी हवेची पोकळी उजळते. गेलेली अंडी काढायलाच हवीत. जिवावर येतं, "राहू दे, कुणास ठाऊक" असं वाटतं, आणि मग अठराव्या दिवशी ते 'कुणास ठाऊक' बुट्टीत फुटतं. सडक्या अंड्यातल्या वायूला रसायनशास्त्रात हायड्रोजन सल्फाइड म्हणतात. घरात काय म्हणतात ते सोडा. आम्ही गॅसवर असतो ते नुसतं लाक्षणिक अर्थानं नाही.

मध्येच वळीव गाठतो. ढग गडगडले की आक्का एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा घेऊन हजर. गडगडाटानं अंडी नासतात, असा समज आहे. आवाजानं अंडी मरत नाहीत. छत गळून पिंजर भिजलं किंवा घाबरून कोंबडी उठली तर मरतात. तरी खिळा ठेवू द्यावा, शेजारधर्म मोठा. टोक मात्र वर करून ठेवू नये.

शेवटच्या तीन दिवसांत हात लावायचा नाही. टॉर्च नाही, उलटापालट नाही, कोमट पाण्यात सोडून "हलतंय का" बघायची ती जुनी परीक्षाही नाही. कवचाला केसाएवढी भेग असेल तर आतलं पिल्लू बुडतं. दाणापाणी चोचीजवळ ठेवावं आणि लांबून ऐकावं. विसाव्या दिवशी अंड्यातून बारीक चिवचिव येते, आणि इतके दिवस फक्त भांडणारी कोंबडी एकदम खालच्या पट्टीत कुडूक कुडूक बोलायला लागते. हे संभाषण ऐकताना घरातला सगळ्यात रांगडा माणूससुद्धा टीव्हीचा आवाज कमी करतो.

मग कवचाला चांदणी पडते. चोचीच्या टोकावरच्या पांढऱ्या दाण्यानं पिल्लू आतून टोचा मारतं. आणि थांबतं. एक तास, तीन तास, सहा तास. इथं माणूस हरतो. कोल्हापुरात रस्त्यात कोणी पडलं तर उचलायला दहा जण धावतात. आणि इथं पिल्लू अडकलंय आणि आपण हातावर हात ठेवून बसायचं? हो, बसायचं. ते अडकलेलं नसतं. आतल्या पडद्यातलं रक्त त्याला शोषून घ्यायचं असतं, उरलेला बलक पोटात ओढायचा असतो, फुप्फुसं चालू करायची असतात. पहिल्या चांदणीपासून बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास सहज लागतात. नखानं टरफल सोललं तर रक्त येतं, आणि ते थांबवायचा उपाय आपल्याकडं नाही. मग पिल्लू स्वतःच गोल फिरत टरफलाचं टोपण कापतं आणि बाहेर पडतं. ओलं, लुळं, इतकं कुरूप की कॅलेंडरवरच्या पिवळ्या गोंडस पिल्लाचं हे नातेवाईक आहे यावर विश्वास बसत नाही. दोन-तीन तासांत आईखाली वाळून गोंडा होतं.

लगेच दाणे टाकायची गरज नाही. पोटातला बलक पहिले दोन दिवस पुरतो, म्हणून तर आई उशिरा फुटणाऱ्यांसाठी थांबू शकते. दीड-दोन दिवसांनी ती पिल्लं घेऊन उतरते. उरलेली अंडी लांब नेऊन पुरावीत. गटारात टाकू नयेत, गल्लीशी संबंध ठेवायचे असतात. पाणी बशीत, त्यातही गोटे टाकून, नाहीतर पिल्लं पाण्यात उभी राहून गारठतात. खायला पिल्लांचं स्टार्टर खाद्य, नाहीतर तांदळाच्या बारीक कण्या. पण कण्यांवर नुसती पोटं भरतात, वाढ स्टार्टरवर होते. खालचा भुस्सा ओला राहिला की रक्ती हगवण आलीच. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. पिल्लं झाकायचं डालगं चोवीस तास तयार ठेवावं. वर घार आणि कावळा, खाली बोका आणि घूस. आई बोक्याच्या तोंडावर उडी घेते, पण घुशीचं काम रात्रीचं असतं.

आता एकच प्रश्न राहतो, नर किती आणि मादी किती. सहा-आठ आठवडे, तुरे लाल होईपर्यंत, देशी पिल्लांत ते सहज कळत नाही. बोलण्यावरून ओळखावं म्हटलं तर हे कोल्हापूर. इथं बायकाही 'मी आलो, मी जातो' म्हणतात.

दोन महिने झाले की आक्का भिंतीवरून डोकावतात. परड्यात नऊ जणांची धुमश्चक्री चाललेली असते, त्यांतल्या पाचांचे तुरे लालभडक.

"पाच कोंबडं," आक्का मोजून सांगतात. "रविवारी मी वाटण करून ठेवतो."