कसौलीचे डायर, अमृतसरचा डायर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बिअर आणि रम बनवणाऱ्या मोहन मीकिन कंपनीच्या इतिहासावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : "जालियनवाला बागेतल्या खुन्याच्या घराण्याचे गोडवे गाताना लाज वाटायला हवी होती." मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही, मात्र ज्याला आपण ओळखत नाही त्याची लाज काढण्यापूर्वी त्याचा लेख शेवटपर्यंत वाचण्याची तसदी तरी घ्यायला हवी होती.

आपण दाखवलेली एक चूक मान्य आहे. कंपनीची सुरुवात सोलनला झाली असे मी लिहिले होते. एडवर्ड डायर यांनी १८५५ मध्ये बिअरचा पहिला कारखाना कसौलीत काढला आणि झऱ्याच्या चांगल्या पाण्यासाठी तो पुढे सोलनला हलवला. दुरुस्ती केली आहे.

आता त्या 'घराण्या'विषयी. कसौलीत बिअर तयार होऊ लागली तेव्हा एडवर्ड यांचा मुलगा रेजिनाल्ड जन्मालाही आला नव्हता. तो १८६४ मध्ये मरी (आता पाकिस्तानात) येथे जन्मला, १८८५ मध्ये सैन्यात अधिकारी झाला, आणि १३ एप्रिल १९१९ रोजी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडण्याचा हुकूम त्याने दिला तो लष्करी अधिकारी म्हणून. त्या पापाला क्षमा नाही, हे मी लेखातही लिहिले होते. पण मुलाचे पाप बापाच्या कारखान्याच्या माथी मारायचे, तर १८८७ मध्ये सिमला आणि कसौलीचे जुने कारखाने विकत घेणाऱ्या मीकिन यांचे काय करायचे? आणि १९४९ मध्ये सूत्रे हाती घेणाऱ्या नरेंद्रनाथ मोहन यांचे? कंपनीच्या नावातून 'डायर' काढून तेथे 'मोहन' आले ते त्यांच्याच अमदानीत, साठच्या दशकात.

माझे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत चौदा महिने येरवड्याला होते. त्यांची खादीची टोपी आमच्या ट्रंकेत आजही घडी करून ठेवलेली आहे. देशप्रेमाचा दाखला मला तुमच्याकडून नको.

मोहन कुटुंबाने 'आयता धंदा लाटला' हे आपले वाक्य उत्तर देण्याच्या लायकीचे नाही. सव्वीस वर्षे मी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काढली आहेत. मळीच्या टाकीत यीस्ट कसे फसफसते आहे, हे मला जिन्यावरून नुसत्या वासाने कळत असे. १९५४ मध्ये 'ओल्ड मंक' रम बाजारात आणून ती दशकानुदशके टिकवणे हे आयत्या बिळावरच्या नागोबांचे काम नव्हे. इतर मुद्द्यांवर वेळ घालवत नाही.

पुढचा भाग मीकिन कुटुंबावर आहे. तो आधी पूर्ण वाचावा आणि मग लिहावे, ही विनंती.