बंदा डॉलर

कालपासून आमच्या घरात मी ‘फसता फसता वाचलेला माणूस’ आहे. वाचवणारे अण्णा, म्हणजे माझे सासरे. सांगलीहून तीन महिन्यांसाठी न्यू जर्सीला आलेत. आज सकाळी व्हिडिओ कॉलवरून बातमी सांगलीतही पोचली.

मला १८९३ सालचा, सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा मॉर्गन डॉलर हवा होता, म्हणजे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं. पाडलेच मुळी १,००,०००. झिजलेल्यालाही हजारो डॉलर मोजावे लागतात. सात वर्षं साठवत होतो. आमच्या स्वयंपाकघराचा ओटा सात वर्षं तसाच आहे, हा मुद्दा हिच्याकडून रोज येतो, म्हणून इथे नको.

फिलाडेल्फिया टांकसाळीच्या १८९३ च्या नाण्याला मागाहून सॅन फ्रान्सिस्कोच्या खुणेचा ‘एस’ चिकटवून विकणारे कलावंत पुष्कळ. म्हणून दुकानात मी भिंग लावून नाण्यावरच्या ‘लिबर्टी’ शब्दातल्या ‘टी’च्या माथ्यावर ती बारीक तिरपी, उठावाची रेघ शोधत होतो. अस्सल नाण्याला ती असते. सापडली! छाती धडधडायला लागली.

“केवढ्याला?” शेजारून अण्णा.

सांगितलं.

“वजन?”

“२६.७३ ग्रॅम.”

“म्हणजे पावणेतीन तोळेही नाही. टंच?”

“नव्वद टक्के.”

“आणि दहा टक्के तांबं चांदीच्या भावात? विचारा त्याला, घट किती धरतो.”

“अण्णा, हे वजनावर नसतं.”

“चांदी वजनावर नसते? जावईबापू, चाळीस वर्षं सराफकट्ट्यावर जातोय मी.”

दुकानदारानं हसून विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, फार आवडलं त्यांना.

“शिवाय झिजलंय. बाईचे केस पार सपाट झालेत. झिजेचे कमी करायला सांगा.”

मी घाम पुसायला रुमाल काढला, तेवढ्यात अण्णांनी नाणं उचललं. ज्या नाण्याला लोक कडेनं, दोन बोटांनी, श्वास रोखून धरतात, ते त्यांनी अंगठ्यानं टिचकी मारून उडवलं आणि काचेवर आपटू दिलं.

खण्ण!

“चांदी खरी. भाव खोटा,” अण्णांनी निकाल दिला.

नाणं घरंगळत जाऊन गल्ल्याच्या लोखंडी कोपऱ्यावर आदळलं. दुकानदारानं ते ओंजळीत घेतलं, भिंगाखाली फिरवलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. कडेला पोचा आलाय म्हणाला. मला दिसला नाही. नाणं तर मिळालंच नाही, वर पोच्याचे दोनशे डॉलर मी मोजले. पावती मागायचं धाडस झालं नाही. पावतीवर तो लिहिणार तरी काय?

गाडीत मी रागारागानं इतिहास काढला. १९१८ साली अमेरिकेनं कायदा करून असले २७ कोटी डॉलर वितळवले. हिंदुस्थानात नोटा घेऊन येणाऱ्यांना द्यायला चांदीचे रुपये पुरत नव्हते, म्हणून त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांना विकली, रुपये पाडायला. दुर्मीळ डॉलर आणखी दुर्मीळ झाले ते आपल्यापायी!

अण्णा खूष. “म्हणजे आमच्या देवघरातले पंचम जॉर्जचे रुपये ह्याच चांदीचे असतील की! पुढच्या खेपेला एक आणतो तुम्हाला. फुकट.”

दोनशे डॉलरचा विषय त्यांनी काढलेला नाही. जावयानं तो कसा काढायचा?