पिप म्हणजे बसून खायचा पगार नव्हे

गेल्या वर्षभरात एकच मजकूर मला चार व्हॉट्सअ‍ॅप गटांवर आला: शाळेच्या, माहेरच्या सोसायटीच्या, नातेवाइकांच्या आणि इथल्या मराठी मंडळींच्या. थोडक्यात तो असा: “ब्रिटनमध्ये चाळीस लाख लोक घरी बसून पगार घेतात. ‘मला टेन्शन येतं’ एवढं सांगितलं की दर आठवड्याला पैसे आणि दारात नवी गाडी. बाहेरून आलेलेही यात सामील. बिल भरतो आपण, टॅक्स भरणारे. सरकार कपात करायला गेलं तर हेच लोक व्हीलचेअर घेऊन संसदेवर धडकले. मोर्चाला येता येतं, मग कामाला का नाही? पैसे बंद करा, दुसऱ्या दिवशी उभे राहतील. आपल्याकडेही हेच लाड सुरू झालेत.”

मजकूर कुणी लिहिला मला माहीत नाही. पाठवणारी माणसं मात्र माझीच आहेत, म्हणून उत्तर देते. मी इंग्लंडमधल्या लेस्टरला राहते. मला आमवात आहे. एका शाळेच्या कार्यालयात आठवड्याचे चार दिवस नोकरी करते, कर भरते, आणि ज्या अपंगत्वाच्या भत्त्याबद्दल, ‘पिप’बद्दल, हे सगळं चाललंय तो मला मिळतो. आणखी एक: मी ‘अपंग’ हा शब्द वापरते, ‘दिव्यांग’ नाही. माझ्या बोटांत दिव्य काही नाही. दुखणं आहे, आणि अशी बोटंही असतात हे गृहीतच न धरणारं जग आहे.

“घरी बसून पगार.” इथेच पहिली चूक आहे. या भत्त्याचं नाव पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, बोलताना पिप. २०१३पासून तो जुन्या डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्सच्या जागी आला. तुम्ही नोकरी करता की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. उत्पन्नाची अटही नाही. अपंगत्वामुळे रोजच्या जगण्यात जो जादा खर्च येतो, त्यातला काही भाग भरून निघावा एवढ्यासाठी तो आहे. पिप घेणाऱ्यांत साधारण दर सहा जणांमागे एक जण नोकरी करतो. जे कामच करू शकत नाहीत त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था आहे, युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या भत्त्यातला आरोग्याचा हिस्सा. मजकुरात दोन्ही एकत्र कालवले आहेत.

जादा खर्च म्हणजे काय? माझी सकाळ साडेपाचला सुरू होते, कारण बोटं उघडायलाच तासभर लागतो. कोमट पाण्यात हात बुडवून बसायचं, म्हणजे गिझर आणि हीटिंग दोन्ही चालू. ज्या दिवशी गुडघे बसच्या पायऱ्या चढू देत नाहीत त्या दिवशी टॅक्सी. चिरलेली भाजी विकत आणायची, ती सुट्या भाजीपेक्षा महाग. आठवड्यातून दोन तास एक बाई येऊन जमीन पुसते, चादरी बदलते. पिप नसेल तर यातली पहिली गोष्ट जी बंद होईल ती टॅक्सी, आणि टॅक्सी बंद झाली की माझी नोकरी महिनाभरही टिकणार नाही. पैसे बंद करून माणसं कामाला लागतात म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. स्कोप ही इथली मोठी संस्था हा खर्च मोजते. अपंग व्यक्ती असलेल्या घराला इतरांसारखंच जगायला सरासरी महिन्याला १,०१० पौंड जास्त लागतात, असं तिने २०२४मध्ये काढलं.

“टेन्शन येतं म्हटलं की मिळतं.” हे लिहिणाऱ्याने पिपचा फॉर्म पाहिलेला नाही. रोजच्या जगण्याच्या दहा कृती आणि फिरण्याच्या दोन, प्रत्येकीला गुण. रोजच्या कृतींत ८ गुण झाले तर साधा दर, १२ झाले तर वरचा. माझे गुण सांगते. स्वयंपाक उंच स्टुलावर टेकून, डबे उघडायचं यंत्र वापरून करते: २. (पोळ्यांची कणीक मळणं यात मोजत नाहीत. एका माणसाचं साधं एका पदार्थाचं जेवण एवढंच विचारतात.) केस नवरा धुऊन देतो: २. शौचालयात उंच केलेली बैठक आणि भिंतीला कठडा: २. ब्लाउजची, शर्टाची बटणं लावायला तारेचा हुक: २. झाले ८. २०२५-२६च्या दराने आठवड्याला ७३.९० पौंड.

हे ८ गुण पहिल्या फेरीत मिळाले नव्हते. तपासणी फोनवर झाली. पलीकडच्या व्यक्तीने चाळीस मिनिटं प्रश्न विचारले आणि अहवालात लिहिलं की, बाई फोन हातात नीट धरून बोलत होत्या. फोन टेबलावर होता, स्पीकरवर. गुण दिले ४. मी फेरविचार मागितला, तोही नाकारला. शेवटी न्यायाधिकरणापुढे गेले. तिथे एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाची जाण असलेला तिसरा सदस्य असतो. डॉक्टरांनी मला फक्त मूठ मिटायला सांगितली. ती मिटली नाही. त्यात अकरा महिने गेले होते. माझी गोष्ट जगावेगळी नाही. न्यायाधिकरणापर्यंत गेलेल्या पिपच्या प्रकरणांत वर्षानुवर्षं तीनपैकी सुमारे दोन निकाल अर्जदाराच्या बाजूने लागत आले आहेत. सोपं असतं तर इतके निकाल उलटले नसते.

आणि लुबाडणूक? कामगार आणि निवृत्तिवेतन खातंच दरवर्षी अंदाज काढतं. २०२३-२४मध्ये पिपमधली फसवणूक त्यांच्या तक्त्यात ०.० टक्के अशी छापली आहे.

मानसिक आजार हे मुख्य कारण असलेल्यांची संख्या मोठी आहे, हे खरं आहे. पण सरकारी वर्गवारीत त्या शीर्षकाखाली स्किझोफ्रेनिया येतो, ऑटिझम येतो, बौद्धिक अपंगत्व येतं. ‘टेन्शन’ हा शब्द त्या सगळ्यांवर फेकणं मला सहन होत नाही. आमच्या गल्लीतला एक मुलगा घराचं दार बंद केलं की नाही हे पाहायला वीस वेळा परत येतो आणि एकटा बसमध्ये चढू शकत नाही. त्याची आई त्याच्याबरोबर जाते, म्हणून तिचीही नोकरी सुटली.

गाडीचं थोडक्यात. गाडी फुकट मिळत नाही. फिरण्याचा वरचा दर ज्यांना आहे, तोच दर, २०२५-२६मध्ये आठवड्याला ७७.०५ पौंड, ते मोटॅबिलिटी योजनेकडे वळवतात आणि त्या बदल्यात गाडी भाड्याने घेतात. तीन वर्षांनी परत. महागडी गाडी हवी तर वरचे हजारो पौंड स्वतःच्या खिशातून. बीएमडब्ल्यू, मर्सिडीजसारख्या गाड्या तर २०२५च्या नोव्हेंबरात योजनेतून काढूनच टाकल्या.

“बाहेरून आलेलेही सामील.” हे वाक्य मराठी गटांवर फिरतं याचं मला फार वाईट वाटतं. नोकरीच्या व्हिसावर इथे आलेल्या आपल्या मुलामुलींच्या व्हिसावर अट असते: सरकारी निधीवर हक्क नाही. ते कर भरतात, आरोग्यसेवेचा वेगळा अधिभारही भरतात, आणि उद्या अपघातात पाय गेला तरी त्यांना पिप मागता येत नाही. कायम राहण्याची परवानगी असलेल्यांनाही साधारणपणे मागच्या तीन वर्षांतली दोन वर्षं इथे राहिल्याचं दाखवावं लागतं. मला हा भत्ता मिळतो तो इथली नागरिक झाल्यावर.

चाळीस लाखांचा आकडा आणि “रोज हजार नवे” हा मंत्र्यांच्या तोंडचा आकडा, यात वाढ खरी आहे. ती नाकारून काही मिळणार नाही. पण निवृत्तीचं वय बायकांसाठी ६०चं ६६ झालं, म्हणजे ६० ते ६६ वयातल्या दुखणेकरी बायका या यादीत आल्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला, मानसोपचाराला महिनोन्‌महिने रांग आहे. रांगेत उभ्या माणसाचा आजार वाढतोच.

आता कपातीकडे. १८ मार्च २०२५ला तेव्हाच्या मंत्री लिझ केंडल यांनी प्रस्ताव मांडला: नोव्हेंबर २०२६पासून एकाच कृतीत किमान ४ गुण असल्याशिवाय रोजच्या जगण्याचा पिप नाही. वर माझे गुण दिलेत ते पुन्हा पाहा. दोन, दोन, दोन, दोन. मी आठवर असले तरी शून्यावर आले असते. केस किंवा कमरेखालचं अंग धुवायला मदत लागली तर २ गुण, खांद्यापासून कमरेपर्यंतचं धुवायला लागली तर ४. या एका फरकावर घर चालणार की नाही हे ठरणार होतं. साधा दर मिळणाऱ्यांपैकी ८७ टक्के लोकांना एकाही कृतीत ४ गुण नव्हते. पिपचा हा रोजच्या जगण्याचा भाग गेला असता तर माणसाला सांभाळण्यासाठी नोकरी सोडलेल्या कित्येक घरांतला केअरर्स अलाउन्सही त्याबरोबर गेला असता, कारण तो याच भागाला जोडलेला आहे.

“पैसे बंद करा, उभे राहतील” याला सरकारकडेच आधार नव्हता. अर्थसंकल्पाचे स्वतंत्र अंदाज काढणाऱ्या ओबीआरने मार्चमध्ये या कपातीमुळे किती लोक कामाला लागतील याचा आकडा धरलाच नव्हता. बचतीचा धरला होता, ४.८ अब्ज पौंड. आणि सरकारच्या स्वतःच्या मूल्यमापनात होतं की अडीच लाख माणसं गरिबीत ढकलली जातील, त्यांत ५० हजार मुलं. काम करू इच्छिणाऱ्यांना साधनं आणि मदतनीस देणारी अ‍ॅक्सेस टू वर्क योजना आहे, तिच्या अर्जांना महिने लागतात. लोकांना कामाला लावायचंच होतं तर ती रांग आधी उपसायची होती.

राहिलं ते मोर्चाचं, आणि ते वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं. “मोर्चाला येता येतं, मग कामाला का नाही?”

२०२५च्या जूनमध्ये मी संसदेबाहेर होते. लेस्टरहून सेंट पँक्रस, तिथून लिफ्ट असलेली स्टेशनं शोधत वेस्टमिन्स्टर. नवरा सोबत. तीन तास उभं-बसं करत काढले, घरी येऊन दोन दिवस अंथरुणात. एक दिवस रेटून नेता येतो म्हणून पाच दिवस नेता येतात असं होत नाही. माझ्या शेजारी व्हीलचेअरवरची एक बाई होती, तिच्या मांडीवर चाळीसएक पोस्टकार्डं होती. जे घराबाहेरच पडू शकत नव्हते त्यांनी लिहून पाठवलेली.

हे काल सुरू झालेलं नाही. डिसेबल्ड पीपल अगेन्स्ट कट्स ही संघटना २०१०मध्ये उभी राहिली, कपातीचं पर्व सुरू झालं तेव्हाच. जानेवारी २०१२मध्ये व्हीलचेअर एकमेकींना साखळीने बांधून लोकांनी ऑक्सफर्ड सर्कसचा चौक अडवला. त्याच वर्षी पॅरालिम्पिकच्या काळात अ‍ॅटॉस कंपनीच्या मुख्यालयापुढे निदर्शनं झाली. ही कंपनी एकीकडे खेळांची प्रायोजक होती आणि दुसरीकडे सरकारसाठी तीच अपंगांच्या तपासण्या घेत होती. सगळं जिंकता आलं नाही. जास्त मदत लागणाऱ्यांना स्वतःच्या घरी राहता यावं म्हणून १९८८पासून चालू असलेला इंडिपेंडंट लिव्हिंग फंड ३० जून २०१५ला बंद झालाच. आठवडाभर आधी लोक संसदेच्या आत, सभागृहाच्या दारापर्यंत गेले होते.

मार्च २०१६मध्ये माझ्या बटणाच्या हुकापर्यंत गोष्ट आली होती. कपडे घालणं आणि शौचालय, या दोन कृतींत साधन वापरण्याचे गुण कमी करायचं ठरलं. कामगार आणि निवृत्तिवेतन खात्याचे मंत्री इयन डंकन स्मिथ यांनीच १८ मार्चला राजीनामा दिला आणि तीन दिवसांत प्रस्ताव मागे गेला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या समितीने चौकशी करून ब्रिटनमध्ये अपंगांच्या हक्कांचं गंभीर किंवा पद्धतशीर उल्लंघन झाल्याचं म्हटलं. ती चौकशी डिसेबल्ड पीपल अगेन्स्ट कट्सच्या पाठपुराव्यामुळेच झाली होती. आणि जानेवारी २०२५मध्ये कार्यकर्त्या एलेन क्लिफर्ड यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ठरवलं की, कामाच्या क्षमतेच्या चाचणीत बदल करताना आधीच्या सरकारने जनतेकडून मागवलेली मतं बेकायदा पद्धतीने मागवली होती. हे सगळं करायला वाचावं लागतं, वकील गाठावे लागतात, पत्रं लिहावी लागतात. आळशी माणसांचं हे काम नाही.

१ जुलै २०२५ला या कपातीचं विधेयक मताला आलं. शंभरावर सत्ताधारी खासदार आधीच विरोधात उभे होते, कारण त्यांच्या कचेऱ्यांत माणसं येऊन बसत होती. सरकारने आधी सांगितलं, आधीपासून पिप मिळणाऱ्यांना हात लावणार नाही. तेही पुरलं नाही. मतदानाला दोन तासही उरले नव्हते तेव्हा मंत्री स्टीफन टिम्स यांनी उभं राहून चार गुणांचं कलमच मागे घेतलं. तरीही सत्ताधारी पक्षाच्या ४९ खासदारांनी विरोधात मत दिलं. मी ते फोनवर पाहत होते, हात गरम पाण्यात.

“आपल्याकडेही हेच लाड.” महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेतून अपंग माणसाला २०२५पर्यंत महिन्याला १,५०० रुपये मिळत होते. त्या जूनमध्ये गुरुकुंज मोझरीला बच्चू कडूंचं उपोषण झालं, मागणी ६,००० रुपयांची होती. पुढे २,५०० झाले. महिन्याच्या २,५०० रुपयांना लाड म्हणणाऱ्याने त्यातून एक जयपूर फूट, एक रिक्षा आणि महिन्याची औषधं बसवून दाखवावीत.

इथली लढाईही अर्धीच जिंकली आहे. विधेयकातला दुसरा भाग कायदा झाला. युनिव्हर्सल क्रेडिटमधला आरोग्याचा हिस्सा बहुतेक नव्या अर्जदारांसाठी एप्रिल २०२६पासून जवळपास निम्मा, आठवड्याला ९७च्या जागी ५० पौंडांच्या आसपास. एकाच गल्लीत, एकाच आजाराच्या दोघी. एकीने आधी अर्ज केला, दुसरीने नंतर, म्हणून दुसरीला निम्मे. ते आम्हाला थांबवता आलं नाही. पिपचे गुण कसे द्यायचे हे आता टिम्स यांचा आढावा ठरवणार आहे. त्यात अपंग माणसांना बरोबरीने घेऊ असं वचन आहे, अहवाल २०२६च्या शरदापर्यंत. बटणाच्या हुकाचे ते २ गुण तिथे पुन्हा टेबलावर येणार आहेत.