दांडा टिकत नसेल तर ब्रश विकू नका

घटस्थापनेला चार दिवस राहिले होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी येणार होते, म्हणून त्या संध्याकाळी मी अंगणातला हौद घासायला घेतला. लातुरात हौद घासणे हे मनात येईल तेव्हा करण्याचे काम नाही. आमच्या भागात आठवड्यातून एकदा पाणी येते. हौद तळाला गेलेला असतो तेवढ्या दोन-तीन तासांतच भिंतींवरचे शेवाळ खरवडायचे, तळातला गाळ उपसायचा आणि नळ येण्याआधी हौद धुऊन मोकळा ठेवायचा असतो. ती वेळ हुकली तर पुढचे आठ दिवस सगळ्या घराने त्याच घाणीवर साठलेले पाणी वापरायचे. या कामासाठी मी मुद्दाम लांब दांड्याचा नवा ब्रश १८० रुपयांना आणला होता. चौथ्या-पाचव्या घासणीला ब्रशचे डोके दांड्यातून निसटले आणि हौदाच्या तळाशी जाऊन पडले. माझ्या हातात नुसता पोकळ पाईप राहिला. शेवटी मुलाला शिडी लावून आत उतरवले आणि त्याने नारळाच्या काथ्याने, गुडघाभर गढूळ पाण्यात उभे राहून, बॅटरीच्या उजेडात भिंती घासल्या. एक कोपरा राहिलाच. पहाटे पाणी आले आणि त्या कोपऱ्यातल्या शेवाळासकट हौद भरला.

हे मी रागाने लिहीत आहे आणि तो राग झाकण्याची मला काहीही गरज वाटत नाही. गेल्या पाच-सहा वर्षांत माझ्या घरात फरशी पुसण्याचे मॉप, बाथरूमचे ब्रश, पाणी ओढण्याचे वायपर आणि जाळ्या काढण्याचे झाडू मिळून डझनभर तरी वस्तू आल्या असतील. त्यांतल्या एकाचेही केस झिजून किंवा रबर फाटून ती वस्तू टाकण्याची वेळ आली नाही. प्रत्येक वस्तू एकाच जागी मेली, आणि ती जागा म्हणजे दांडा आणि डोके यांचा सांधा.

तो सांधा एकदा हातात घेऊन नीट पाहावा. ब्रशच्या पाठीवर प्लास्टिकचे एक बोळके असते, त्याच्या आत जेमतेम तीन आटे असतात आणि त्यांची उंची नखाच्या जाडीएवढीसुद्धा नसते. दांडा म्हणजे लोखंडी पत्र्याचा पोकळ पाईप, त्यावर रंगीत प्लास्टिकचे पातळ आवरण, आणि टोकाला प्लास्टिकचेच आटे असलेले एक बूच, जे पाईपात नुसते ठोकून वरून दोन ठिकाणी पत्रा चेपून धरलेले असते. म्हणजे डोके सुटण्यासाठी एक जागा कमी पडेल म्हणून की काय, दुसरीही ठेवलेली आहे: आटे टिकले तर बूच निघते, आणि बूच टिकले तर आटे झिजतात. हौदात गेलेले डोके बुचासकट गेले होते. चेपलेल्या पत्र्याच्या त्या दोन खुणा पाईपावर तशाच होत्या आणि त्यांनी काहीही धरून ठेवलेले नव्हते.

या सांध्यावर किती भार येतो, हे समजायला अभियंता असण्याची गरज नाही; शाळेत शिकवलेली तरफ आठवली तरी पुरे. दांडा चार फुटांचा असतो आणि बोळक्यात त्याचा दीड इंच भाग जातो. वरच्या टोकाला आपण आडवा जो जोर लावतो, तो त्या दीड इंचात साधारण तीस पटीने पोहोचतो. दोन किलोचा साधा रेटा दिला तर प्लास्टिकच्या त्या पातळ भिंतीवर साठ किलोचा ताण पडतो. त्यात पुसताना मनगट दर फेरीला थोडे डावीकडे आणि थोडे उजवीकडे वळतेच. उजवीकडचे वळण आटे घट्ट करते आणि डावीकडचे सैल करते. ओले, साबण लागलेले प्लास्टिक घट्ट होण्यापेक्षा सैल होण्याला नेहमीच लवकर तयार असते. म्हणून दर दोन खोल्यांनंतर थांबायचे, डोके पायाखाली दाबून धरायचे आणि दांडा पुन्हा पिळायचा. अशा पिळण्यानेच एके दिवशी आटे पूर्ण झिजतात आणि मग दांडा नुसता फिरत राहतो. हे सगळे कारखान्यात मॉप बनवणाऱ्या माणसाला ठाऊक नसेल, असे मी मानायला तयार नाही. त्याला ठाऊक आहे. बोळके दोन इंच खोल करायचे तर प्लास्टिक जास्त लागते आणि आरपार खिळा मारायचा तर एक माणूस जास्त लागतो, एवढेच त्याचे कारण आहे.

डोके मोडल्यावर निदान चांगला दांडा तरी वापरता यावा, ही अपेक्षा फार मोठी आहे का? मी मॉपचे मोडलेले डोके टाकून दिले आणि चांगला राहिलेला दांडा घेऊन गंजगोलाईत गेले. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात त्या बाजारात सुईपासून तिजोरीपर्यंत सगळे मिळते, पण त्या दांड्याला बसेल असे डोके मला पाच दुकानांत मिळाले नाही. एका ठिकाणी बोळके सैल, दुसऱ्या ठिकाणी अर्धा आटा जाऊन अडकणारे, तिसऱ्या ठिकाणी आटेच नाहीत, नुसते निमुळते भोक, ज्यात दांडा ठोकून बसवायचा. चौथ्या दुकानदाराने माझ्यासमोर दांडा जोर लावून तिरपा पिळला, बोळक्याला चीर पडली आणि ते त्याने शांतपणे बाजूला ठेवून दिले. “माल असाच येलालाय ताई,” तो म्हणाला, “दांड्यासकट नवीनच घेऊन जावा, एकाचं दुसऱ्याला बसत नसतंय.” त्याच्यावर मी रागावले नाही. तो बिचारा जे येते ते विकतो. पण घरी येऊन मी मोरीच्या कोपऱ्यातले दांडे मोजले तेव्हा ते चार निघाले, आणि डोकी सहा. चार दांडे, सहा डोकी, आणि एकाही जोडीचे एकमेकांशी जुळत नाही.

ही गोष्ट अशक्य आहे असे कोणी सांगू नये. आपल्या घरातला बल्ब कोणत्याही कंपनीचा आणा, कोणत्याही दुकानातून आणा, तो होल्डरमध्ये बसतोच, कारण त्याच्या टोपीचा व्यास २२ मिलिमीटर ठरलेला आहे. नळ गळायला लागला की आपण हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘अर्धा इंच’ एवढे दोन शब्द बोलतो आणि उदगीरचा नळ अंबाजोगाईच्या पाईपाला बिनतक्रार बसतो. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंजिनिअरने वेगवेगळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा करून, त्यांचे आटे मोजून, सगळ्यांनी एकाच मापाचे आटे पाडावेत अशी सूचना मांडली ती १८४१ साली. अमेरिकेत झाडू-मॉपच्या आट्यांच्या दांड्याला सर्रास एकच माप चालते, पाऊण इंच व्यास आणि इंचाला पाच आटे. डोके एकाचे आणि दांडा दुसऱ्याचा घेतला तरी बहुतेक वेळा काम होते. आणि आपण चंद्रावर यान उतरवल्यानंतरही घराघरांत रोज लागणाऱ्या वस्तूचे एक माप ठरवू शकत नाही.

माप ठरवणे राहू द्या, ते निदान छापा तरी. वेष्टनात विकल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी २०११ चे वैध मापन नियम आहेत. किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा संपर्क यांच्याबरोबरच, जिथे वस्तूचे आकारमान महत्त्वाचे असते तिथे ते आकारमानही वेष्टनावर लिहिले पाहिजे, असे त्यांत म्हटलेले आहे. सुट्या दांड्याच्या बाबतीत त्याच्या टोकाच्या व्यासाहून महत्त्वाचे दुसरे कोणते आकारमान असते? माझ्याकडच्या एका दांड्याच्या वेष्टनावर चकचकीत फरशीचे चित्र आहे, हसणारी बाई आहे, ‘सर्व प्रकारच्या मॉपसाठी उपयुक्त’ असे ठळक वाक्य आहे, आणि व्यास कुठेही लिहिलेला नाही. ते ठळक वाक्य खोटे आहे. मी सहा डोक्यांना लावून पाहिले आहे.

दांडा बसवणे ही कला आपल्याकडे नवीन नाही, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. माझे माहेर औसा तालुक्यातले. वडिलांच्या कुदळीचे नेढे एका बाजूने किंचित रुंद आणि दुसऱ्या बाजूने किंचित अरुंद असायचे आणि दांड्याचे टोकही त्याच बेताने तासलेले असायचे, त्यामुळे प्रत्येक घावागणिक कुदळ दांड्यावर अधिकच घट्ट बसायची. कुऱ्हाडीला सुतार वरून पाचर ठोकून द्यायचा. उन्हाळ्यात लाकूड सुकून दांडा हलायला लागला तर वडील ती कुदळ रात्रभर पाण्यात टाकून ठेवायचे आणि सकाळी फुगलेले लाकूड पुन्हा नेढ्यात गच्च बसलेले असायचे. बाभळीचा तो दांडा काळ्या रानात, दगडगोट्यांत वर्षानुवर्षे चालला. त्या सुताराने शाळा पाहिली नव्हती, पण अवजारावर जोर कुठून येतो आणि तो कुठे जातो, हे त्याला कळत होते. घरातला फडा तर त्याहून साधा. शिंदीच्या पानांचा फडा वळणारे मातंग समाजातले कारागीर त्याची मूठ पानांच्याच देठांची, पिळून घट्ट बांधलेली करायचे. तिथे सांधाच नसल्यामुळे निखळायला काही नव्हते. लक्ष्मीपूजनाला आपण आजही नवा फडा आणून त्याला हळदीकुंकू वाहतो. ज्या वस्तूची पूजा करायची, तिच्याच जागी आता आलेली वस्तू इतकी बेपर्वाईने बनवली जाते की ती दिवाळीपर्यंतही टिकू नये, हे मला सहन होत नाही.

कोणी म्हणेल की एवढ्याशा गोष्टीचा एवढा त्रागा कशाला, खाली बसून फडक्याने पुसून घ्यावे. ज्याने आयुष्यात फरशी पुसलेली नाही, तोच हे म्हणू शकतो. माझ्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत, त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि डॉक्टरांनी उकिडवे बसायला कायमची मनाई केली आहे. त्यांना उभ्याने देवघरासमोरची फरशी पुसता यावी म्हणून मॉप आणलेला आहे. त्यांच्या दृष्टीने तो दांडा म्हणजे सोय नसून गुडघाच आहे. मागच्या श्रावणात त्या दांड्यावर थोडा भार देऊन पुढे वाकल्या असताना डोके निघाले, पाईपाचे उघडे टोक ओल्या शहाबादीवर सर्रकन घसरले आणि त्या चौकटीवर आदळल्या. मनगट सुजले, मोडले नाही. पण त्या दिवसापासून त्या मॉपला हात लावत नाहीत, आणि देवघरासमोर पुसून देण्यासाठी कुणाला तरी हाक मारताना त्यांच्या चेहऱ्यावर जो संकोच असतो तो मला रोज दिसतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी चार घरांच्या फरश्या पुसतात आणि चारही घरी बसूनच पुसतात. त्यांचेही गुडघे कुरकुरतात. मी मॉप पुढे केला की त्या म्हणतात, “नको ताई, त्यो मधीच सुटतोय, मग तुमीच म्हनता मोडला म्हनून.” किती घरांत त्यांनी हे बोलणे ऐकून घेतले असेल! दांडा कारखान्याने कच्चा बनवला आणि बोल मावशींनी खाल्ला. ही वस्तू पुरुषांनी रोज दोन तास वापरण्याची असती तर तिच्या सांध्यात लोखंडी बोल्ट केव्हाच आला असता, असे माझे ठाम मत आहे.

मी उपाय करून पाहिले नाहीत असे नाही. आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळली, ती साबणाच्या पाण्यात दोन दिवसांत निघून आली. चिंधी गुंडाळून दांडा ठोकला तर बोळके फाटले. एम-सील भरले तेव्हा महिनाभर चांगले चालले, पण मग मॉप धुवायला वेगळा करता येईना आणि त्याला वास यायला लागला. बांबूचा दांडा बसवून पाहिला. पावसाळ्यात तो फुगून गच्च बसला, आणि आमच्याकडचा एप्रिल लागताच सुकून इतका बारीक झाला की डोके आपोआप गळून पडू लागले. पोकळ पाईपात पाणी शिरून तो आतून गंजतो ते वेगळेच. दांडा उलटा धरला की त्यातून तांबडे पाणी येते आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर त्याचे डाग पडतात.

अखेर हौदातून काढलेले डोके आणि तो पाईप घेऊन मी वेल्डिंगच्या दुकानात गेले. त्या पोराने पाईपात लाकडाचा खुंटा ठोकला, तो बोळक्यात तळापर्यंत दाबून बसवला, बोळके आणि खुंटा यांच्या आरपार ड्रिलने भोक पाडले आणि त्यात वायसर घालून नट-बोल्ट आवळला. दहा मिनिटे लागली आणि त्याने तीस रुपये घेतले. त्यानंतर दोन वेळा हौद घासून झाला आहे आणि डोके तसूभरही हललेले नाही.

हेच भोक आणि हाच बोल्ट कारखान्यात, हजारांच्या हिशेबाने करायला किती पैसे लागले असते, हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचे होते. वेष्टनावर ग्राहक सेवेचा क्रमांक छापलेला आहे. मी तीन वेगवेगळ्या दिवशी, कामाच्या वेळेत फोन केला. तिन्ही वेळा तो शेवटपर्यंत वाजला आणि कोणीही उचलला नाही.