टीडीएस म्हणजे कर नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत असताना पुण्यात फ्लॅट घेऊन भाड्याने देण्याबद्दल मी लिहिलं. त्यावर तुम्ही लिहिता, "भाड्यातले ३१.२ टक्के सरकारच नेतं, हे लपवून तुम्ही बिल्डरची दलाली करताय." मतभेद जरूर असू द्या, पण 'दलाली' कशाच्या जोरावर म्हणालात? लेखात एकाही बिल्डरचं नाव नाही. असं बोलण्याआधी लेख पुरता वाचायचा तरी.

३१.२ हा आकडा खरा आहे आणि तो मी ठळकपणे द्यायला हवा होता, एवढं मान्य. पण ती अनिवासी घरमालकाच्या भाड्यातून आधीच होणारी कपात, म्हणजे टीडीएस आहे, अंतिम कर नव्हे. भाडं ३०,००० असेल तर भाडेकरूने दरमहा ९,३६० कापायचे आणि २०,६४० तुमच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या कमाईच्या बँक खात्यात, भरायचे. वर्षाची कपात १,१२,३२०. आता कर काढा. ३,६०,००० मधून भरलेला मिळकतकर, समजा १२,०००, वजा करा. उरलेल्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की करपात्र राहतात २,४३,६००. भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून ४ लाखांपर्यंत कर शून्य. रिटर्न भरा, सगळी कपात परत मिळते. एच-वन-बीवर असताना मी स्वतः हा परतावा घेतलाय, ऐकीव लिहीत नाही.

पैसे अडकतात ते वेगळ्याच कारणाने. घरमालक अनिवासी आहे हे भाडेकरूला कुणी सांगितलेलंच नसतं, त्याच्याकडे कर कापून भरण्यासाठी लागणारा टॅन क्रमांकही नसतो. मग तो काहीच कापत नाही आणि पुढे नोटीस त्याच्याच नावाने येते. किंवा कापतो, भरतो, पण तिमाही विवरणात तुमचा पॅन चुकवतो. मग जमा तुमच्या नावावर दिसत नाही आणि परतावा लटकतो. टॅन काढण्याची अट भाडेकरारातच घाला. शिवाय वर्षाच्या सुरुवातीलाच कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याच्या ट्रेसेस संकेतस्थळावरून काढून भाडेकरूला द्या.

भाव पडतील, नोकरी गेली तर काय, हे तुमचे बाकीचे मुद्दे इथे गैरलागू आहेत. भारतातली मालकी व्हिसावर अवलंबून नसते.

खोटच काढायची होती तर अमेरिकेच्या बाजूची काढायची. हेच भाडं तिथल्या रिटर्नमध्ये शेड्यूल ई या तक्त्यावर दाखवावं लागतं. आपली ३० टक्क्यांची वजावट तिथे चालत नाही. प्रत्यक्ष खर्च आणि फक्त बांधकामाच्या किमतीवर ३० वर्षांचा घसारा मिळतो, जमिनीवर नाही. भारतात कर शून्य भरला तर अमेरिकेतल्या करातून वजा करायचं परदेशी कराचं क्रेडिटही शून्य. आणि एनआरओसकट परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म, भरायलाच हवा.